गुरुवारची सुटी आणि रविवारचे रामायण

जुन्या मालिका, जुने चित्रपट आणि जुनी गाणी यांच्याविषयी वाटणाऱ्या ओढीला मराठीत स्मरणरंजन असा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द सुबक असला तरी थोडा फसवा आहे, कारण त्यातील ‘रंजन’ ही बाजू ठळक होते आणि त्यामागचे दुखणे झाकले जाते. युरोपीय भाषांतील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द जन्माला आला तो वैद्यकशास्त्रात. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, आणि घरापासून दूर राहणाऱ्यांना, विशेषतः परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांना, होणारा एक आजार म्हणून त्याचे वर्णन केले. या आजारावरचा खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे रोग्याला त्याच्या गावी परत धाडणे. मुळात ही व्याधी जागेची होती, काळाची नव्हती. गेलेला काळ हे तिचे कारण मानण्याची प्रथा पुष्कळ नंतरची. पुणे जिल्ह्यातील मोशीसारख्या ठिकाणी मात्र ही दोन्ही कारणे एकत्र नांदतात, आणि म्हणूनच दूरदर्शन, चित्रपट व कॅसेट यांच्याविषयीचे मराठी स्मरणरंजन नेमके कशाचे बनलेले आहे, हे तपासायला मोशी ही सोयीची जागा आहे.

मोशी दोन रस्त्यांच्या फुलीवर वसली आहे. पुण्याहून भोसरीमार्गे चाकण, राजगुरुनगर, नारायणगावकडे जाणारा नाशिक महामार्ग आणि देहूला आळंदीशी जोडणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात, आणि उत्तरेकडून इंद्रायणी वाहते. नागेश्वर महाराज या ग्रामदैवताभोवतीचे हे शेतकऱ्यांचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्याआधीच एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत उभी होती आणि दुसऱ्या अंगाला चाकणची वाढू लागली होती. पुढच्या दोन दशकांत वाहन उद्योगाचे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने चाकण परिसरात आल्यावर या दोन वसाहतींच्या मधली मोशी ही राहण्याची जागा बनली. आज येथील गृहसंकुलांमध्ये बीड, लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा, सोलापूर, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे शेजारी राहतात. त्यांच्यात भाषा समान असली तरी बोली वेगळ्या, सणांचे तपशील वेगळे, भाजीत शेंगदाण्याचे कूट किती घालावे याविषयीचे मतही वेगळे; आणि मुख्य म्हणजे कुणीही कुणाला लहानपणी पाहिलेले नाही.

जुन्या गावात दोन माणसांना जोडायला पार, शाळा, विहीर, भावकीतील भांडण असे काहीतरी सामाईक भूतकाळातून मिळते. गृहसंकुलाच्या वाहनतळात भरणाऱ्या गणेशोत्सवात ते मिळत नाही. तेथे ‘रविवारी सकाळी रामायण लागायचे तेव्हा’ एवढे अर्धे वाक्य पुरते, कारण उरलेले अर्धे समोरचा माणूस पूर्ण करतो. म्हणूनच या पट्ट्यातील उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकेत जुन्या गाण्यांची संध्याकाळ, शीर्षकगीते ओळखण्याची स्पर्धा, नव्वदच्या दशकातील वेशभूषा अशा बाबी हमखास आढळतात. ज्यांचे गाव एक नाही त्यांना दूरदर्शनने एक गाव दिले, असे या संदर्भात म्हणता येईल. मात्र हे गाव सर्वांना एकाच वर्षी मिळाले नाही आणि सर्वांना तेच गावही मिळाले नाही, ही गोष्ट अशा संध्याकाळी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र, म्हणजे मूळ केंद्राचे कार्यक्रम जसेच्या तसे पुढे पोहोचवणारे केंद्र, उभे राहिल्यामुळे पुणे परिसराला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यातील ज्या थोड्या घरांत तेव्हा संच होता त्यांनी सत्तरचे दशक मराठीत पाहिले: ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, शेतकऱ्यांसाठीचे ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांसाठीचे ‘कामगार विश्व’, आणि दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी घराघरांत नेलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा क्रम इतका पक्का होता की पाहुण्यांनी कोणत्या दिवशी यावे आणि कोणत्या दिवशी येऊ नये, हेही त्यावरून ठरत असे.

मराठवाडा आणि विदर्भातील बहुतेक गावांची गोष्ट वेगळी आहे. तेथे दूरचित्रवाणी पोहोचली ती मुख्यतः इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये सोडल्यानंतर आणि १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा सुरू झाल्यानंतर. या केंद्रांचा पल्ला सुमारे २५ किलोमीटरचा असे, आणि ती उपग्रहावरून आलेले दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवत. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम त्यांच्या वाट्याला सुरुवातीला फारसे येत नसत. परिणामी पुण्याच्या पन्नाशीतल्या माणसाचे दूरदर्शन मराठीत सुरू होते, तर नांदेड जिल्ह्यातून आलेल्या त्याच वयाच्या माणसाचे दूरदर्शन ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’पासून आणि त्यानंतरच्या ‘बुनियाद’पासून, म्हणजे हिंदीत सुरू होते. एकाच्या आठवणीत बैठकीची खोली आहे. दुसऱ्याच्या आठवणीत ग्रामपंचायतीसमोर ठेवलेला संच, लोडशेडिंग आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर चालवलेला कृष्णधवल पडदा आहे. मोशीतील वाहनतळात हे दोघे ‘आपल्या वेळचे दूरदर्शन’ असे म्हणतात तेव्हा शब्द एकच असतो, वस्तू दोन असतात. हा फरक कुणाला खुपत नाही याचे कारण असे की स्मरणरंजन तपशिलांवर चालत नाही, ते समोरच्याच्या होकारावर चालते.

याच पट्ट्याने आणखी एक गुंता घातलेला आहे. विजेचा भार आठवड्यातील सर्व दिवसांवर विभागला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्या वेगवेगळ्या वारी ठेवण्याची पद्धत राज्यात रुळली, आणि पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. येथील अनेक कारखान्यांत, विशेषतः लहान कारखान्यांत, आठवड्याची सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. बाजारपेठा, लग्नाच्या वाटाघाटी, घर बदलणे, गावाकडे जाणे हे सारे त्या वाराभोवती फिरते. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात आणि बलदेव राज चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात प्रसारित झाले, दोन्ही रविवारी सकाळी. त्या वेळी देशभरातील रस्ते ओस पडत, हे वाक्य दूरदर्शनविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि ते खोटे नाही. परंतु ज्या कामगाराची सुटी गुरुवारी होती आणि ज्याच्या पत्रकावर त्या आठवड्यात पहिली पाळी होती, तो त्या ओस रस्त्यांवरून सकाळीच कामावर गेलेला असे. त्याच्या घरातील बाकीच्यांनी रामायण पाहिले आणि त्याने ते जेवणाच्या सुटीत ऐकले. उलट मुंबई केंद्राचे हिंदी गाण्यांचे ‘छायागीत’ गुरुवारी लागत असल्यामुळे तो कार्यक्रम मात्र या पट्ट्याच्या सुटीशी जुळला होता. देशाची आठवण रविवारची आणि भोसरीची आठवण गुरुवारची, अशी ही फारकत कोणत्याही दूरदर्शन इतिहासात नोंदवलेली सापडणार नाही, कारण इतिहास प्रेक्षकसंख्येचा लिहिला जातो, पाळ्यांचा नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा चाकण आणि भोसरीतील यंत्रे थांबलेली होती. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले, आणि त्या आकड्याचे कौतुक जुन्या मालिकेच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून झाले. वास्तविक त्यात सक्तीचा वाटा मोठा होता: नवे चित्रीकरण बंद, बाहेर जाणे बंद, आणि पुढचा पगार येणार की नाही हे माहीत नाही. तथापि १९८७ मध्ये पहिल्या पाळीला गेलेले अनेक जण २०२० पर्यंत निवृत्त होऊन नातवंडांसह घरात होते, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत हे पुनःप्रसारण हेच पहिले सलग प्रसारण होते, असे मानायला जागा आहे.

दूरदर्शनपेक्षाही खोलवर गेलेले माध्यम कॅसेटचे होय, आणि त्याची चर्चा मराठीत पेन्सिलीने फीत गुंडाळण्याच्या त्याच त्या आठवणीपुढे फारशी सरकत नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही फीत भारतात सर्वसामान्यांच्या हाती पडली ती ऐंशीच्या दशकात. तोपर्यंत ध्वनिमुद्रिकांचा बाजार प्रामुख्याने एचएमव्ही या एका कंपनीच्या ताब्यात होता, तबकडी महाग होती आणि तिचे यंत्र त्याहून महाग. कॅसेट स्वस्त होती, ट्रकमध्ये, रिक्षात, पानटपरीवर वाजू शकत होती, आणि कुणीही तिची प्रत काढू शकत होता. अमेरिकन संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील या उलथापालथीला कॅसेट संस्कृती असे नाव दिले. महाराष्ट्रातील चित्र त्याहून निराळे नव्हते.

या संस्कृतीचा एक परिणाम स्मरणरंजनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमात अशी तरतूद होती की एखाद्या गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण होऊन ठरावीक वर्षे लोटली, तर मालकाला सूचना देऊन आणि स्वामित्वधन भरून दुसऱ्या कंपनीला तेच गाणे नव्या आवाजात मुद्रित करता येई. या वाटेने गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने, म्हणजे टी-सीरीजने, जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांचा पूर आणला. सोनू निगम यांनी गायलेली रफींची गाणी आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलेली लताबाईंची गाणी एसटी स्थानकाबाहेरच्या गाड्यांवर मूळ कॅसेटपेक्षा कमी किमतीत मिळू लागली. दुसरीकडे मूळ आवाजामागे तालवाद्यांचा नवा थर चढवून विकली जाणारी ‘झंकार बीट्स’ मालिका होती. चाळिशी-पन्नाशीच्या ज्या पिढीला आज सुवर्णकाळाची ओढ वाटते, त्या पिढीतील अनेकांनी पन्नास-साठच्या दशकांतील गाणी प्रथम ऐकली ती या दुसऱ्या हाताच्या रूपात. मूळ गाणे पुढे इंटरनेटवर ऐकल्यावर त्यांना ते संथ आणि काहीसे अपुरे वाटते. शुद्धतावादी रसिक याला अरसिकता म्हणतील, पण ओढ ही मूळ कृतीची नसते, ती प्रथम भेटीची असते. स्मृतीच्या अभ्यासकांनी वयाच्या साधारण दहा ते तीस या टप्प्यातील आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात असे दाखवून दिले आहे आणि या दाटीला स्मृतींचा उंचवटा म्हटले आहे. त्या उंचवट्यावर जे वाजत होते ते सुवर्ण, मग ते अस्सल असो वा नक्कल.

कॅसेटने आणखी एक गोष्ट केली, जी आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी केली नव्हती. शहरी मध्यमवर्गाकडे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट होत्या, आणि त्या इतक्या वेळा वाजल्या की श्रोते विराम कुठे येतो हेही पाठ सांगत. परंतु त्याच काळात त्याच यंत्रांवर प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज कितीतरी अधिक वस्त्यांमध्ये पोहोचले होते. मोशीच्या पश्चिमेला असलेल्या देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि पूर्वेला आळंदी आहे. एकीकडच्या वर्धापनदिनाला वाजणारी भीमगीते आणि दुसरीकडच्या कार्तिकी वारीच्या दुकानांत वाजणारी विठ्ठलगीते यांत शिंदे यांचाच आवाज होता. तरीही सोसायटीच्या स्मरणरंजनाच्या संध्याकाळी हा आवाज फारसा येत नाही. तेथे रफी, किशोर, लता, आशा, सुधीर फडके असा क्रम असतो. हे वगळणे कुणी ठरवून करते असे नाही. जुनी गाणी म्हणजे कोणती, याची यादी रेडिओ आणि तबकड्यांच्या काळातच पक्की झाली, आणि कॅसेटच्या काळात ज्यांना प्रथम आवाज मिळाला त्यांचे नाव त्या यादीत कुणी घातलेच नाही. सामाईक आठवण म्हणून जे मांडले जाते त्यातून कोण गळले आहे, हे पाहिल्याशिवाय त्या आठवणीची व्याप्ती कळत नाही.

देहू आणि आळंदीच्या मध्ये असल्यामुळे मोशीला चित्रपटाच्या स्मृतीचे एक विलक्षण उदाहरण अगदी जवळचे आहे. प्रभात फिल्म कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये प्रदर्शित झाला, मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. त्यातील एक अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. परंतु तो इतका बेमालूम उतरला की जाणकारही फसले, आणि आजही तो कीर्तनात तुकोबांच्या नावाने निघतो. विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्याचेही असेच झाले. ज्या गावात संत खरोखर वावरले तेथून काही किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढेही तुकोबा म्हटले की पुण्याच्या स्टुडिओत उभा राहिलेला नट येतो, आणि लोकप्रिय कलेने घडवलेल्या भूतकाळाचा पगडा किती पक्का असतो हे त्यावरून ध्यानात येते.

मोशीच्या मूळ रहिवाशांचे स्मरणरंजन मात्र फारसे दूरदर्शनचे नाही. ते नाशिक रस्त्याने येते. या रस्त्यावरील नारायणगाव हे तमाशाचे केंद्र असून गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडमालकाचे तात्पुरते कार्यालय, जेथे गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे २००२ मध्ये निधन झाले, तरी त्यांचे नाव घेतल्याशिवाय येथील जुन्या माणसांची जत्रेची गोष्ट पूर्ण होत नाही. तळेगावजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर आणि त्यांचे ‘गाढवाचं लग्न’ हेही याच टापूचे. या मंडळींना तमाशापट पडद्यावर पाहताना काय वाटत असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पण जो प्रेक्षक जत्रेत प्रत्यक्ष फड पाहत होता त्याच्यासाठी हा चित्रपट आठवण नव्हता, तो चालू वर्तमानाची नक्कल होता. आज तोच चित्रपट तमाशाची आठवण म्हणून पाहिला जातो, आणि महामार्गावर वाहतुकीच्या कोंडीत अडकलेला फडाचा ट्रक मात्र कुणाच्या डोळ्यात भरत नाही. एखादी कला जिवंत असतानाच तिच्याविषयी स्मरणरंजन सुरू झाले, तर ते त्या कलेच्या उपयोगाचे नसते.

या पट्ट्यातील सर्वांत लोकप्रिय जुना मराठी चित्रपट कोणता, असे विचारल्यास बहुतेक जण ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव घेतील. सचिन पिळगावकर दिग्दर्शित हा चित्रपट सप्टेंबर १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे संवाद वसंत सबनीस यांचे, ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहून दादा कोंडके यांना रंगभूमीवर नाव मिळवून दिले होते, आणि त्याची कथा हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ मधील ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावर आधारलेली आहे. त्यातील विनोदाची फोड पुष्कळांनी केली आहे, परंतु चित्रपटाचा विषय विनोद नाही. विषय भाड्याची खोली आहे. नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी शहरात आलेल्या चार तरुणांना, ते अविवाहित असल्यामुळे, कुणी जागा देत नाही, म्हणून दोघांना बायका बनावे लागते, आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना शेवटपर्यंत फसवत राहावे लागते. आकुर्डी-निगडीच्या जुन्या जमीनधारक घराण्यांमध्ये काळभोर हे आडनाव ठळक आहे, ही गोष्ट पटकथाकाराच्या मनात असो वा नसो, या भागातल्या प्रेक्षकाला तिची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

मोशी, चिखली, भोसरी, चाकण येथे आज ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशा पाट्या लागतात, आणि ज्यांना फॅमिली नाही ते कॉट बेसिसवर राहतात. कॉट बेसिस म्हणजे खोली नव्हे, तर खोलीतील एक पलंग भाड्याने घेणे. तीन पाळ्यांच्या पट्ट्यात कधीकधी एकाच पलंगावर दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोघे आळीपाळीने झोपतात. कंत्राटी किंवा शिकाऊ कामगार म्हणून आलेल्या, चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेल्याही नसलेल्या विशी-पंचविशीतील तरुणांना त्यातील संवाद तोंडपाठ असतात आणि ते भ्रमणध्वनीवर त्यांचे तुकडे एकमेकांना पाठवतात. याला स्मरणरंजन म्हणता येणार नाही, कारण स्मरणच नाही. ही मुले ऐंशीच्या दशकाकडे परत जात नाहीत, ती स्वतःच्या खोलीकडे पाहत असतात. १९८८ मधला विनोद अजून जुना झाला नाही, त्याचे श्रेय सबनीसांच्या लेखणीला आणि अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाला जितके जाते, तितकेच ते घरमालकांनाही द्यावे लागेल.

याच पट्ट्याने देशाच्या स्मरणरंजनाला एक वस्तूही पुरवली. बजाज चेतक ही स्कूटर १९७२ मध्ये आली, आकुर्डीच्या कारखान्यात बनली, आणि तिच्यासाठी ग्राहकांना अनेक वर्षे थांबावे लागत असे. नोंदणीचा क्रमांक घरात दागिन्याप्रमाणे जपला जाई. १९८९ मध्ये लिंटास या संस्थेने बजाजसाठी केलेली दूरदर्शनवरील जाहिरात हे आज त्या दशकाचे जणू बोधचिन्ह झाले आहे. तिच्यात स्कूटर पुसणारे, पूजा करणारे, मिरवणारे ग्राहक दिसतात. आकुर्डीच्या जोडणीरांगेवर त्या स्कूटरचे नट आवळणाऱ्याला ती जाहिरात वेगळ्या नात्याने दिसत असणार, कारण त्याच्यासाठी ती वस्तू आठवड्याच्या उत्पादनलक्ष्याचा भाग होती. पारंपरिक चेतक पुढे बंद झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर जाहीर झाली, तिचे उत्पादन चाकणला सुरू झाले आणि २०२२ मध्ये त्यासाठी आकुर्डीत स्वतंत्र कारखाना उघडला. जुन्या गोलाईची आठवण देणारा पत्र्याचा देह आणि जुनेच नाव, म्हणजे आठवण हीच येथे सुट्या भागांपैकी एक झाली. सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीने, २०१७ मध्ये आणलेला ५,००० गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा संचही त्याच जातीचा. मोशीत पगार घेणारा मुलगा तो गावाकडच्या आईवडिलांना दिवाळीत भेट देतो, आणि त्यात भरलेली गाणी बदलण्याची सोय नाही ही उणीव नसून तोच त्याचा गुण मानला जातो.

विकण्याजोगी आठवण अशी जपली जाते; बाकीच्या आठवणीचे काय होते, हेही पाहायला हवे. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातील पुष्कळ कार्यक्रम आज उपलब्ध नाहीत, कारण चित्रफिती महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. घरगुती यंत्रावर प्रेक्षकांनी मुद्रित करून ठेवलेले आणि पुढे यूट्यूबवर टाकलेले तुकडे हेच कित्येक कार्यक्रमांचे एकमेव अवशेष आहेत. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते वाढवले, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग आणि प्रभातचे चित्रपट आज पाहता येतात, तरीही ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातील कोठारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही अशा जुन्या प्रकारच्या, अनेक फिती जळाल्या. भीमगीतांच्या लहान कंपन्यांच्या मूळ फिती किंवा जत्रेतील वगांची ध्वनिमुद्रणे सांभाळण्याची जबाबदारी तर कुणाचीच नव्हती. एवढी ओढ असलेल्या समाजाने एवढे थोडे जपावे, यात विसंगती दिसते. परंतु ओढ आणि जतन यांचा संबंध वाटतो तेवढा जवळचा नाही, कारण ओढ असणाऱ्याला ती वस्तू आठवत असते, आणि आठवत असलेली वस्तू सांभाळावी असे सहसा कुणाला वाटत नाही.

महानगरपालिकेने आपल्या नाट्यगृहांना आचार्य अत्रे, ग. दि. माडगूळकर, निळू फुले यांची नावे दिली आहेत. मोशीला जवळचे भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम या मंचांवर वर्षभर चालतात, आणि त्यांत गेल्या काही वर्षांत वाद्यवृंदाची जागा कराओकेने घेतली आहे. कराओके म्हणजे गायकाचा आवाज वगळलेले, आधीच मुद्रित केलेले वाद्यसंगीत. पूर्वी अशा कार्यक्रमाला अ‍ॅकॉर्डियन, मेंडोलिन, ढोलक वाजवणारे आठ-दहा जण लागत आणि त्यांची बिदागी द्यावी लागे. आता निवृत्त कामगार, बँक कर्मचारी, गृहिणी मिळून गट करतात, महिन्याची वर्गणी काढतात, आणि प्रत्येकाला दोन गाणी मिळतात. श्रोत्यांत बहुतांश पुढचे गायकच बसलेले असतात, ही या प्रकारावर होणारी टीका खरी आहे. पण तीस वर्षे ज्या माणसाचे म्हणणे प्रेसच्या धडधडाटात कुणाला ऐकू गेले नाही, त्याच्या हातात ध्वनिक्षेपक येतो, हेही त्याच टीकेच्या शेजारी लिहायला हवे.

ज्या पेटीने हे सारे दाखवले तिच्याविषयी मात्र कुणाला ओढ वाटलेली दिसत नाही. सपाट पडदे आल्यावर जुने, पाठीला कुबड असलेले संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले आणि त्यांतील पुष्कळसे मोशीच्या शेजारच्या कुदळवाडीच्या गोदामांत पोहोचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने पाडेपर्यंत ती गोदामे या साऱ्या उद्योगनगरीचे भंगार पोटात घेत होती. संच फोडला की भंगारवाला आधी चित्रनळीच्या मानेभोवतीचे वेटोळे काढतो, कारण त्यात तांब्याची तार असते. मग स्पीकरचे चुंबक, मग पत्रा, मग सर्किटची पट्टी. उरते ती शिसे मिसळलेली जाड काच, ज्या काचेवर रविवारी सकाळी हार घातला जात असे. तिला भाव नाही.